देवाच्या माशांसाठी धुतलेली बारव

फसली सन तेराशे एकोणपन्नास, इंग्रजी एकोणीसशे चाळीस. मी चोवीस वर्षांचा होतो. ह्या आकड्यांत माझी चूक न्हाई. बाकीचं कुणाला वेगळं आठवत असंल तर त्यानं त्याचं लिहावं. माझी शाळा दोन पावसाळ्यांची. पंतोजी गाव सोडून गेला अन् माझी अक्षरं तिथंच थांबली. आता नातसून म्हणती, बाबा, तुमी सांगा, मी लिहिते. मी न्हाई म्हणालो. ही गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतली तर मी त्यात सुटून जाईन, अन् मला सुटायचं न्हाई.

आमचं गाव जिंतूरच्या अलीकडं, माळाच्या पोटाला. गावाच्या वर एक तळं. कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक न्हाई. काळ्या दगडाची पाळ, पाळीवर महादेवाचं देऊळ, अन् देवळाच्या मागं शंभर पावलांवर पायऱ्यांची बारव. तळ्यात मोठमोठे मासे होते. ते देवाचे. त्यांना कुणी गळ लावायचा न्हाई, जाळं टाकायचं न्हाई. तळ्यावर आवाज करायचा न्हाई म्हणून पाखरंही तिथं निर्धास्त असत. हिवाळ्यात करकोचे उतरायचे ते हजाराच्या भावात. दिवसा हरभऱ्यात चरायचे अन् सांजच्याला पाण्यात एका पायावर उभे. माळावरची काळविटं पाण्याला यायची. बाई धुणं धुवायलीय अन् दहा हातांवर काळवीट पाणी प्यायलंय, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. आज सांगितलं तर पोरं हसतात.

हे सगळं नुसतं देवाच्या भीतीनं टिकलं नव्हतं. माझ्या बापानं टिकवलं होतं. मी जन्मायच्या आधी एक जमादार बंदूक घेऊन आला अन् एका दिवसात बैलगाडीभर पाखरं मारून घेऊन गेला. बापानं खांद्यावर घोंगडं टाकलं अन् चालत परभणी गाठली. तालुकदारसाहेबाच्या कचेरीपुढं चार दिवस बसला. पाचव्या दिवशी साहेबानं आत बोलावलं. माशांपासून तुला काय मिळतं, असं साहेबानं इचारलं. बाप म्हणाला, काईच न्हाई साहेब, म्हणून तर राखतो. साहेब हसला म्हणे, अन् हुकूम दिला. तळ्यात देवाचे मासे हायेत तोवर इथं जाळं, गळ, बंदूक मना. पाळीवर तसा दगड रोवला, उर्दू अक्षरांचा. वाचता आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, पण दगड हाय एवढं पंचक्रोशीला ठाऊक होतं.

आमच्या घरात मासा खात न्हाईत. आमी गळ्यात लिंग घालणारी माणसं, मासळीचा वास आला तर आई पदर नाकाला लावायची. तरी दर सोमवारी कणकेच्या गोळ्या घेऊन तळ्यावर जायचा मान आमच्या घराचा. बाप पायरीवर बसायचा, हात पाण्यात सोडायचा, अन् मासे येऊन तळहातावरची गोळी उचलायचे. पुढं बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मला ओळखायचा तो पावलाच्या आवाजानं, पण मासे मात्र तो बोटानं ओळखायचा. ही पाठीवर वण असलेली, हा फाटक्या शेपटीचा, ही आज रुसलीय. शेती मी बघायचो, बैठकीत मी बसायचो, सगळा कारभार त्याच्या हातातून सुटला होता. सोमवार तेवढा राहिला होता.

आदल्या साली परतीचा पाऊस आलाच न्हाई. चैत्रात तळ्याचा तळ फुटला, भेगांत पाय जाईल एवढा. वैशाखात मधोमध एक डबकं राहिलं, गुडघाभर. तेवढ्यात सगळे मासे. वरून घारी, बाजूनं कुत्री. त्यात एक दिवस महसुलाचा अंमलदार, गिरदावर आला, घोड्यावरूनच बघितलं अन् म्हणाला, तळं तर मेलं. मासे संपले की हुकूमही संपला, मग सरकार तळ्याचा हर्रास करील, ज्याची बोली लागंल त्यानं जाळी टाकावीत. बापानं ते ऐकलं. रात्री जेवला न्हाई.

सकाळी मला म्हणाला, मासे बारवेत न्यायचे. त्याच्या लहानपणी असंच एकदा नेले होते, पाऊस पडला तसे परत तळ्यात सोडले होते. पण कसं करायचं ते भोयाला इचार, मग हात लाव. मी हो म्हणालो.

भोई म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला राहणारा म्हातारा. नदीवर मासे धरायचा, डोईवर टोपलं घेऊन बाजाराला जायचा. त्याला आमच्या तळ्याची पायरी मना होती, पण बापाची अन् त्याची बोलीचाली चांगली. दोघं एका वयाचे. तो लांबून जाताना ओरडायचा, "अप्पा, तुमच्या माशांनी माझ्या चार पिढ्या उपाशी ठेवल्या." बाप म्हणायचा, "अन् तुझ्या चार पिढ्यांनी नदी खाऊन टाकली." मग दोघं बसून तंबाखू मळायचे, एक पाळीच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला.

मी त्याला इचारायला गेलो न्हाई. खरं कारण लिहितो. माझ्या मनात असं होतं, की मासे आमचे, देव आमचा, अन् मासळी कापून खाणाऱ्याच्या दारात जाऊन मी इचारायचं, की आता मी काय करू? हे माझ्या घशाखाली उतरंना. अन् दुसरं असं, की बाप अजून मला सांगतो, ह्याला इचार, त्याला इचार, जसा मी कासरा धरायला शिकणारा पोरगा हाय. एक काम मी माझ्या अकलेनं करून दाखवीन, असं मी ठरवलं.

बारवेत कंबरभर पाणी होतं, हिरवं. भिंतींना बोटभर शेवाळ, तळाला पिढ्यांचा गाळ. मला शिसारी आली. देवाचे मासे ह्या घाणीत सोडायचे? आमच्या घरात देवाचं पाणी भरायच्या आधी घागर तीनदा घासतात. मी दोन गडी लावले. मोट लावून बारव उपसली. गाळ काढला. शेवाळ खरवडलं, नारळाच्या शेंड्यांनी दगड घासले. काळा दगड असा निघाला की आरशासारखा. मग माझ्या डोक्यात आलं, चुना. पटकीच्या साथीत विहिरीत चुना टाकतात, पाणी शुद्ध होतं, हे लहानपणापासून बघितलेलं. घराला सफेदी करायला कळीचा चुना आणून ठेवला होता, तो सगळा विरवला. भिंती पाण्याच्या रेघेपर्यंत पांढऱ्या केल्या, पायऱ्या पांढऱ्या केल्या, अन् उरलेल्या दोन पाट्या तळात ओतल्या. झऱ्याचं पाणी वर येऊ लागलं तसं ते दुधासारखं दिसायचं, मग निवळलं, मग तळाचा दगड न् दगड मोजता येईल असं झालं.

लोक बघायला यायचे. आमच्या भावकीतला एक जण म्हणाला, "माशांना बारशाला बसवायलास का लग्नाला? हळद कधी लावायची?" सगळे हसले. मीही हसलो. मला ती चेष्टा आवडली. अशी बारव कुणी बघितली नव्हती.

भोई आपण होऊन आला. पाळीच्या बाहेरच उभा राहिला. मला आजही त्याचे शब्द पाठ हायेत, कारण पुढं किती वर्षं ते मी मनात फिरवले.

"मालक, शेवाळ काढलं ते वाईट केलं," तो म्हणाला. "त्यातच त्यांचं खाणं असतंय. अन् चुना कशाला? आता महिनाभर तरी ह्यात जीव सोडू नगा. झालंच तर सगळं पाणी उपसा, परत उपसा, अन् तळ्याचं गढूळ पाणी घागरीनं आणून ओता. त्यांना त्यांचंच पाणी लागतंय."

चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "मामा, मासे खायचे कसे ते तुमाला ठाऊक. राखायचे कसे ते आमच्या घराला ठाऊक."

तो एवढंच म्हणाला, की खरंय मालक, तुमी राखले म्हणून तर हायेत. अन् गेला. मला वाटलं, मी जिंकलो.

संध्याकाळी बापानं इचारलं, भोयाशी बोललास का. मी म्हणालो, बोललो. हे खोटं नव्हतं. असली खोटं नसलेली उत्तरं फार वाईट असतात.

रविवारी मासे हलवले. आमच्यापैकी कुणाला मासा धरता येत न्हाई, म्हणून भोयाला बोलवावंच लागलं. तळ्यात जाळं कधी पडलं नव्हतं अन् मी पडू देणार नव्हतो, म्हणून त्यानं ओलं धोतर पसरून एकेक मासा कवेत घेतला. चिखलात मांडीपर्यंत रुतून त्या वयात तो माणूस दोन पहर राबला. मासा हातात आला की त्याच्याशी बोलायचा, हळू आवाजात, काय ते मला कळायचं न्हाई. मोठ्या तांब्याच्या घंगाळात तळ्याचं पाणी, वरून ओलं गोणपाट, अन् दोन गडी घंगाळ उचलून बारवेकडं. पाच खेपा झाल्या. चाळीसेक मासे निघाले. लहान, बोटाएवढी पिल्लं डबक्यात होती, ती राहू द्या म्हणालो. त्यांना कोण देवाचे मासे म्हणणार.

पहिलं घंगाळ बारवेच्या पायरीवर ठेवलं तेव्हा भोयानं आधी आपला हात बारवेच्या पाण्यात घातला. अंगठा न् बोट एकमेकांवर घासलं.

"मालक, पाणी बोटाला गुळगुळीत लागायलंय. आज नगा सोडू."

मी म्हणालो, सोडा.

तो पायरीवर बसला. "मी न्हाई सोडणार. मला मारा पायजे तर. मी धरून मारतो, ते माझं पोट हाय. हे मी न्हाई करणार."

गडी माझ्याकडं बघायले. ऊन चढायलं होतं, घंगाळातले मासे तोंड वर काढायले होते. मी दोन्ही हातांनी घंगाळ वाकडं केलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताला मासा लागला. गार होता, अन् जोरकस. त्या पांढऱ्या बारवेत ते असे सरळ खाली गेले, त्यांच्या सावल्या तळाच्या दगडावर पडल्या, अन् मला वाटलं, हेच ते. देवाला असंच ठेवावं. पाचही खेपा मी माझ्या हातानं सोडल्या. भोई शेवटपर्यंत बसून होता. मग उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बाप माझ्या खांद्यावर हात ठेवून, आईनं दिलेल्या कणकेच्या गोळ्या उपरण्यात बांधून निघाला. वाटंनं लय बोलत होता. वणवाली आली का, फाटकी शेपटी आली का, असं इचारत होता. मी हो हो करत होतो, मला काय ओळखू येतात. बारवेच्या तोंडाशी आलो अन् मी थांबलो.

पाणी दिसतच नव्हतं. सगळे वर आले होते, पोट वर करून. पांढऱ्या भिंती, पांढरी पोटं. एक दोन अजून हलत होते, कुशीवर पडून कल्ला उघडत होते, मिटत होते. त्यांच्या अंगावर बुळबुळीत साय आल्यासारखं झालं होतं अन् डोळे दुधाळ झाले होते, बापाच्या डोळ्यासारखे.

बापानं माझा खांदा सोडला. तो आपला पायरी पायरीनं खाली उतरला, बसला, गोळी तळहातावर ठेवली अन् हात पाण्यात घातला. हाताला मासा लागला. त्यानं बोटं फिरवली. मग दुसरा. मग तो दोन्ही हातांनी पाण्यात चाचपायला लागला, इकडं, तिकडं, जेवढा हात पोचंल तेवढा. पाठीवर वण असलेली सापडली तेव्हा त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं. धोतर भिजलं. आमच्या घरातल्या माणसानं मासा मांडीवर घेतलेला मी तो एकदाच बघितला.

खबर गावात गेली. पाऊण घंट्यात बारवेवर माणूस मावंना. भोईही आला, मागं उभा राहिला. तेवढ्यात बारशाची चेष्टा करणारा तोच भावकीतला म्हणाला, ह्यानंच केलंय. गेळफळ कुटून टाकलं की मासे असेच वर येतात, भोयांचा धंदाच हाय तो. मासे मेले की तळ्याचा हर्रास, अन् हर्रास झाला की जाळी कुणाची? दुसऱ्या दोघांनी मान हलवली. एकानं भोयाची मानगूट धरली.

भोयानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. माझ्या नखांत अजून चुना होता. मी बोललो न्हाई. किती वेळ बोललो न्हाई ते मला सांगता येणार न्हाई. एखाद्यानं पान लावून तोंडात घालावं एवढा वेळ असंल. त्या एवढ्या वेळाचा मी मालक हाय, आजतागायत.

भोई बापाला म्हणाला, "अप्पा, पाणी चाखून बघा."

कुणी हललं न्हाई. मेलेल्या माशांचं पाणी, अन् आमची माणसं. बापानं ओंजळ भरली अन् तोंडाला लावली. थुंकला न्हाई, गिळलं. मग ओठ पुसले.

"चुना हाय," तो म्हणाला. "सोडा त्याला."

मानगूट सुटली. बापानं माझ्या दिशेनं तोंड केलं. मी कुठं उभा होतो ते त्याला बरोबर कळलं होतं.

"त्याला इचारलं व्हतंस का?"

"न्हाई," मी म्हणालो. "त्यानंच येऊन सांगितलं व्हतं. दोनदा."

मी वाट बघत होतो की तो मला चारचौघांत काहीतरी म्हणंल, हात उगारंल. त्यानं उगारला असता तर मी पाय धरले असते. तो फक्त भोयाला म्हणाला, जरा हात दे, मला वर घे. अन् भोयाचा हात धरून पायऱ्या चढून गेला. माझ्या खांद्यावर त्यानं परत कधी हात ठेवला न्हाई. पुढं घरातही भिंत धरून चालायचा.

आमच्यात माणूस गेला तर जाळत न्हाईत, पुरतात, बसवून. माशांना बसवता येत न्हाई. तळ्याच्या पाळीखाली मी एकट्यानं खड्डा घेतला. गड्यांना परत पाठवलं. सगळे मासे एका ओळीत ठेवले, बापानं विभूती पाठवली होती ती टाकली, माती ओढली. दिवस मावळला तोवर हात सोलले होते. आई दारात पाणी घेऊन उभी होती, वास येतो म्हणून पदर नाकाला लावला न्हाई तिनं, हे मला आठवतंय.

पुढचं एका दमात सांगतो. पावसाळा लागायच्या आधी गिरदावर आला. देवाचे मासे दाखवा म्हणाला. मी काय दाखवू, बोटाएवढी पिल्लं? पुढच्या साली हर्रास झाला, लांबच्या गावच्या ठेकेदारानं तळं घेतलं, दगड उपटून धुणं धुवायला टाकला. बंदुकाही आल्या. करकोचे दोन हिवाळे आले, मग वरून जायला लागले, उतरंनात. नुसता आवाज यायचा. बाप घराच्या ओसरीवर बसून ऐकायचा, अन् आवाज गेला तरी मान तशीच वर. अठ्ठेचाळीसाला फौज आली, राज गेलं, लोकांनी पेढे वाटले. बाप तेव्हा नव्हता. मी पेढा घेतला, खाल्ला. तळ्यावर गेलो न्हाई.

पण हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं, की डबक्यात बोटाएवढी पिल्लं राहिलीत अन् डबकं दोन दिवसांत आटंल.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, उजाडता उजाडता मी भोयांच्या आळीत गेलो. जन्मात पहिल्यांदा. म्हातारा दारात जाळं विणायला बसला होता. त्यानं बस म्हटलं न्हाई, मीही बसलो न्हाई. माफ करा म्हणायचं मनात घोळवत गेलो होतो, ते तोंडातून निघालं न्हाई, पुढंही कधी निघालं न्हाई. मी म्हणालो, "मामा, बारीक मासे कसे धरायचे?"

त्यानं सुतळी दातानं तोडली. मग उठला, आत गेला अन् दोन मातीच्या घागरी घेऊन आला, एक माझ्या हातात दिली. "तांब्याचं नगं," म्हणाला. "अन् पायातलं हितंच काढा."

मी पायातलं काढलं. त्याच्या मागं मागं डबक्यात उतरलो, अन् तो सांगंल तसं हात पाण्यात धरून, न हलता उभा राहिलो.